लेकराचे ढाळ आणि आईचं ताट

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला ढाळ लागले की हा संन्यासी नेमका आईच्या ताटात सापडतो. जुलाब त्याला, पथ्य हिला.

माझं बाळंतपण माहेरी झालं, साकोली तालुक्यातल्या एका खेड्यात. बाळ तीन महिन्यांचं, दिवस रोवणीचे. बांधीत चिखल, घरात माशा, आणि बांधीतून परतणारी प्रत्येक बाई बाळ बघायला आमच्या ओसरीवर. बाळाचं पोट बिघडल्याची बातमी आमच्या आधी गावाला कळलेली. लंगोट उजेडात धरून पंचनामा व्हायचा आणि लगेच आरोपी ठरायचा.

"वांगं खाल्लं का व तुनं? वातूळ असते ते."

वांगं गेलं. दुसरीनं लाखोळीची डाळ घालवली, तिसरीनं सांभार. मोठी माय आली ती तलावातले झिंगे घेऊनच गेली, म्हणजे माझ्या ताटातून. दोन जणींची साक्ष कधी जुळायची नाही. एकीला दही थंड म्हणून नको, तर दुसरीला ते उष्ण म्हणून. शिक्षेबद्दल मात्र एकमत. संध्याकाळी माझ्यापुढे आला तो चिन्नोरचा मऊ भात आणि मीठ. भंडाऱ्याच्या या तांदळाचा वास घरभर दरवळत असताना सोबतीला वाटीभर रस्साही नसावा, ही सक्तमजुरीच. त्यात नागपूरहून नवऱ्याचा फोन. तर्री-पोहे चघळत तो म्हणाला, "तू काही तिखट तर नाही ना खाल्लंस?"

आता दूध तयार होतं ते रक्तातून, रश्श्यातून नव्हे. आईनं वांगं खाल्लं काय नि दोडकं खाल्लं काय, दुधातली साखर जवळजवळ तेवढीच राहते. आईच्या आतड्यातला वारा छातीपर्यंत चढून बाळाच्या पोटात उतरत नाही. एक अपवाद खरा आहे. काही बाळांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही, ते आईनं खाल्लेल्या दूध-दह्यातूनही पोचतं आणि कधी शीत रक्त दिसतं. पण त्याचा निकाल डॉक्टरांनी द्यायचा, ओसरीनं नाही.

खरा संशयित खिडकीत बसला होता. घुटीची सहाण. मधोमध झिजून खळगा पडलेली, कालच्या हळकुंडाची पिवळी कड तशीच, वर दोन माशा. आजी ती लुगड्याच्या पदरानं पुसायची. त्याच पदरानं सकाळपासून चुलीवरची भांडी उतरवलेली असायची. मग मायफळ, वेखंड, हिरडा असे दोन-दोन वेढे उगाळून बोटानंच बाळाच्या तोंडात. हिरडा! पोट साफ व्हावं म्हणून मोठी माणसं रात्री घेतात तो. पण त्याच्याकडे बोट कोण दाखवणार? बोट तर बाळाच्या तोंडात होतं.

तिसऱ्या दिवशी काकूंनी दूधच तोडायला सांगितलं. दोन दिवस नुसतं साबुदाण्याचं पाणी द्या म्हणाल्या. तेवढ्यात आशाताई आल्या म्हणून बरं. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. लघवी किती वेळा होते, टाळू खोल गेली आहे का, शीत रक्त आहे का, एवढंच विचारलं. अंगावरचं दूध तोडायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, प्रत्येक पातळ शीनंतर त्यातलं थोडं थोडं चमच्यानं. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून आईच्याच दुधात विरघळवायची, १४ दिवस. घुटी बंद. बाळ मलूल झालं, प्यायचं थांबलं तर तडक दवाखाना.

"अन् माय काय खाईल?" आजीनं विचारलं.

"सगळं. पोटभर. पाजणाऱ्या बाईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, आजी."

कॅलरीशी आजीची ओळख नव्हती. आशाताईंनी तिला समजेल अशा भाषेत सांगितलं: आणखी एक जेवण. ओसरीवर शांतता पसरली.

ओआरएसच्या या पाकिटाची मला तेव्हापासून भक्ती जडली आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा बनगावच्या छावणीत सलाइन अपुरं पडू लागलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून ड्रम भरले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. नातेवाइकांचा एवढा सदुपयोग वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. आमच्याकडे तेच मनुष्यबळ माझी भाजी मोजण्यात खर्ची पडत होतं.

पाच दिवसांत बाळाचं पोट ताळ्यावर आलं. मोठी मायनं श्रेय झिंग्यांना दिलं, म्हणजे ते न खाण्याला. काकूंनी वांग्याला. नवऱ्यानं स्वतःच्या फोनला. आजी काहीच बोलली नाही. दुपारी तिनं झिंगे घातलेली वांग्याची भाजी वाटीभर आणून माझ्यापुढे ठेवली, दार लोटलं आणि म्हणाली, "खा आरामात. कोणी आलं तर मी सांगतो, पेज पिऊन राहिली म्हणून."