फ्रीजमधला दिवा

नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि वाचलेले आमचे पूर्वज कोकणात लागले, अशी आम्हा बेने इस्राएल ज्यूंची कथा. पोथ्या बुडाल्या, हिब्रू बुडाली, शनिवार तेवढा तरंगला. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव पाडलं ‘शनवार तेली’. त्यांचं बरं होतं. बैल सोडला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुरू. मला मोबाइल, लिफ्ट, मिक्सर आणि शनिवारी ‘फक्त पाच मिनिटं’ मागणारे साहेब, एवढे बैल सोडावे लागतात.

एरवी मी शब्बाथ सवलतीच्या दरात पाळायचो. सकाळी सिनॅगॉग, दुपारी क्रिकेट. पण मे २०२४ मध्ये इस्राएलमधल्या डिमोनाहून मामेभाऊ ठाण्याला राहायला आला. तो बोलला काहीच नाही, शनिवारी पंख्याच्या बटणाकडे गेलेल्या माझ्या हाताकडे नुसता बघत राहिला. मी तडक जाहीर केलं, येत्या शनिवारी सगळं नियमानं! बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आईनं छताकडे.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत नारळाच्या दुधातलं मटण झालं. मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध आम्हाला चालत नाही. कोकणाऐवजी जहाज राजस्थानात फुटतं तर आमची काय दशा झाली असती! वालाचं बिरडं झालं. शनिवारचा वाटा फ्रीजमध्ये गेला, मेणबत्त्या लागल्या, आणि मामेभावानं हळूच विचारलं, “आतला बल्ब काढलास ना?”

नव्हता काढला. दार उघडलं की दिवा लागणार, आणि दिवा लावणं हे शब्बाथला वर्ज्य असलेल्या ३९ कामांतलं. म्हणजे मटण आमचं, फ्रीज आमचा, आणि आत प्रवेश बंद.

शनिवारी सकाळी बेल वाजली. (ती पोस्टमननं वाजवली, त्याला मुभा आहे.) माझं नवीन मतदार ओळखपत्र आलं होतं. सोमवारी, २० तारखेला मतदान. “इथं बोटानं सही करा,” म्हणत त्यानं मोबाइल पुढे केला. लिहिणं आणि वीज, दोन्ही एका बोटात! मी हात मागे घेतला. दोन अक्षरं लिहिली तरी शब्बाथ मोडतो, हे मी त्याला समजावत होतो, तेवढ्यात आई आतून म्हणाली, “मग कर की! तुझ्या सहीत एक तरी अक्षर आहे का?”

शेजारच्या काकू दारात आल्या. परधर्मीयालाही आपलं काम थेट सांगायचं नसतं. फार तर सूचक बोलावं. मी सूचक झालो. “काकू, पोस्टमनदादा केव्हाचे उभे आहेत हो.”

काकूंनी त्यांना खुर्ची दिली.

“त्यांच्याकडे काहीतरी आहे, ते कुणीतरी घेतलं तर...”

काकूंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पाणी दिलं. पाणी पिऊन पोस्टमन म्हणाला, “सोमवारी सुट्टी आहे, मंगळवारी येतो.” मतदानानंतर ओळखपत्र! अखेर मी मत आधार कार्डावर दिलं, हे वेगळं सांगायला नको.

दुपारी काकू पुन्हा आल्या तेव्हा आम्ही केळी आणि कोरडे पोहे खात होतो. “आमच्या फ्रीजचं दार आज कुणी उघडलेलंच नाही,” मी खोल आवाजात म्हणालो.

“छान! बिल कमी येईल.”

मग त्यांनाच सरबताला बर्फ हवा झाला. त्यांनी स्वतःसाठी वरचं दार उघडलं, बर्फ घेतला, आणि मुरलेलं लोणचं दिसतंय का बघायला खालचंही उघडलं. आम्ही चौघं धावलो. मटण आलं, बिरडं आलं, सोलकढी आली. काकू लोणचं घेऊन घरी गेल्या, आणि उघड्या फ्रीजसमोर आमच्या लक्षात आलं की दार लावलं तर दिवा विझणार. विझवणंही त्याच ३९ मध्ये.

मे महिना, ठाणं. आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपेपर्यंत दही तापलं, लोणी वितळलं, आणि फ्रीज दर मिनिटाला केविलवाणा किंचाळत राहिला. मामेभाऊ निवांत झोपला होता. त्याच्या घरच्या फ्रीजला म्हणे त्यासाठी वेगळं बटण आहे.

काकूंना दुसऱ्या दिवशी सगळा प्रकार कळला. आता त्या दर शनिवारी येतात, दारात उभ्या राहतात आणि छताकडे बघत म्हणतात, “आमच्याकडे साखर बरीच कमी झालेली दिसते.”