मान वर, भाव वर

क्रॉफर्ड मार्केटला बायकोबरोबर जायला हरकत नाही, माहितीबरोबर जायलाही नाही. दोघी एकत्र नेल्या की खिशाचं काही खरं नाही.

आदल्या रात्री मी जय्यत तयारी केली होती. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, इमारत 1869 ची, आराखडा विल्यम इमर्सनचा, दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची, म्हणजे रुडयार्डच्या तीर्थरूपांची. हिची तयारी एका चिठोऱ्यावर मावली होती: अंजीर, अक्रोड, केकचे साचे, मंगलदास मार्केटातून अस्तराचं कापड. मग फालुदा आणि मेट्रोला सिनेमा.

दारातच मी हात उंचावला. "ते बघ, गव्हाच्या शेतातले शेतकरी!"

ही केव्हाच आत गेली होती. शेतकऱ्यांनीही लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं ते एका पाटीवाल्यानं. वर गेलेला हात आपल्यासाठीच, असं समजून त्यानं माझी रिकामी पिशवी पाटीत टाकली आणि तो तरातरा निघाला. चिठोरं पिशवीत असल्यामुळे मीही मागोमाग निघालो. वरात थेट त्याच्या ओळखीच्या सुकामेव्याच्या दुकानापाशी थांबली.

दुकानदारानं भाव सांगितला. अशा वेळी माणसानं नाक मुरडून दोन पावलं मागे सरकायचं असतं. मी म्हणालो, "आपको मालूम है, यहाँ 1882 में बिजली के दिये लगे थे?"

"मालूम है शेठ," तो अंजीर तोलत म्हणाला. "तब का बिल अब तक भर रहे हैं."

या उत्तरावर मी इतका खूश झालो की अर्ध्याऐवजी किलोभर अंजीर घेतले. वर पाटीवाल्याला एका पुड्याची हमाली दिली.

साचे घेऊन आलेल्या हिनं पुडा बघितला, भाव विचारला आणि मला खांबाशी उभं केलं. "अहो, आता तुम्ही फक्त वर बघा." मग ती शेजारच्या दुकानात अक्रोडांसाठी शिरली. घासाघीस बराच वेळ चालली. मेट्रोचा सिनेमा तिथेच हुकला. शेवटी किलोमागे चक्क दीडशे रुपये उतरले.

"कसं जमवलंस?" फालुद्यातला सब्जा चमच्यानं गोळा करत मी विचारलं.

"सांगितलं, आमचे हे इथल्या इतिहासावर लेख लिहितायत. खांबाशी मान वर करून उभे आहेत, तेच. भाव नीट लावा, दुकानाचं नाव घालतील."

दिलेला शब्द पाळायचा म्हणून हा लेख लिहायला घेतला. दुकानाचं नाव मात्र काही केल्या आठवत नाही. मी छताकडे बघत होतो.