खडीकाका

आमच्या कॉलनीत कुणी बांधकाम काढलं आणि डंपरनं रस्त्यावर खडी ओतली, की बाकीच्यांना आता गाडी कुठून काढायची याची चिंता पडते. खडीकाका मात्र पायांत चपला सरकवून, कापडी पिशवी घेऊन खाली उतरतात. दवाखान्यात कुणाला तरी बघायला निघाल्यासारखा चेहरा. हात पाठीमागे बांधून ढिगाला एक प्रदक्षिणा होते, मग पायथ्याचा, मधला आणि माथ्यावरचा असे तीन मुठी खडे पिशवीत जातात. एकाच जागचे घेत नाहीत. ढीग ओतला की मोठे खडे घरंगळून पायथ्याला जातात, बारीक वर राहतं. त्यामुळे एका बाजूनं बघणाऱ्याला ढीग कधीच खरं सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी दोन खडे एकमेकांवर आपटून कानाशी. खणखणीत वाजले तर मान डोलते. बद्द वाजले तर घरमालकाकडे असं बघतात, की त्या बिचाऱ्याला वास्तुशांत पुढे ढकलावीशी वाटावी.

काकांचा बांधकामाशी संबंध काय, तर काही नाही. बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर. नोटांच्या थप्पीवरून अंगठा फिरवताना खोटी नोट बोटालाच कळायची म्हणतात. निवृत्तीनंतर त्या अंगठ्याला काहीतरी काम हवं होतं. इतर निवृत्त लोक अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातात, भजनी मंडळात जातात, मुलाकडे अमेरिकेला जाऊन थंडीबद्दल तक्रार करतात. काकांना खडी सापडली.

आजवर त्यांनी केलेलं सगळं काँक्रीट गोळा केलं तर अर्धा ब्रासही भरणार नाही. एक तुळशीवृंदावनाचा पाया, गेटच्या खांबाचे दोन खड्डे, धुण्याच्या दगडाखालचा चौथरा, खालच्या आजींसाठी जिन्याआधीची अर्धी पायरी. बस. पण या अर्ध्या पायरीची खडी निवडायला त्यांना अकरा दिवस लागले आणि ओतायला चाळीस मिनिटं. आजी तोवर मुलीकडे राहायला गेल्या होत्या.

हा प्राणी फक्त साताऱ्यात आढळतो असं नाही. नगरला, सांगलीला, पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत, जिथे जिथे पेन्शन आणि अंगण एकत्र येतं तिथे तो उगवतो. स्कूटरच्या डिकीत मेजर टेप, शर्टाच्या खिशात एक-दोन-चार लिहिलेली चिठ्ठी, आणि दुसऱ्याच्या घरी चहाला गेला तरी नजर आधी छताकडे. कोकणात याची एक वेगळी जात आहे. तिथे अंगणभर जांभा, पण तो मऊ आणि सच्छिद्र, भिंतीला उत्तम, काँक्रीटच्या खडीला नाही. म्हणून तिथला काका काळ्या दगडाच्या खाणीचे पत्ते बाळगून असतो आणि समुद्राच्या वाळूचं नाव काढलं की त्याचा पारा चढतो. मिठानं सळई गंजते हे तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो. आमच्या काकांना त्याचा हेवा वाटतो. इथे सगळाच काळा पाषाण, चांगला-वाईट ठरवायला मुळात वावच कमी; तो काकांनी कष्टानं निर्माण केला आहे.

माझी चूक एवढीच, की गेल्या जूनमध्ये मी त्यांच्यासमोर बोलून गेलो, "टाकीचं झाकण फुटलंय, एक ओतून घेतो."

"केवढं?"

"दोन बाय दोन. दोन इंच जाड."

"खडी?"

"पलीकडच्या कामावर पडलीय, त्यातली घेईन दोन घमेली. विचारलंय त्यांना."

काकांनी डोळे मिटले. "ती पाऊण इंची आहे रे."

मला वाटलं ही कौतुकाची गोष्ट आहे. मग कळलं, की काँक्रीट जेवढं जाड, त्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा मोठा खडा त्यात चालत नाही. हा नियम काकांचा नाही, भारतीय मानकाचा आहे, आय.एस. 456, त्यांनी तो नंबर एखाद्या जुन्या खातेदाराच्या नंबरासारखा फेकला. दोन इंचांचा चौथा हिस्सा अर्धा इंच. म्हणजे माझ्या झाकणाला अर्धा इंची, बारा एम.एम.ची खडी हवी. मोठी घातली तर खडा वर सळईला आणि खाली फळीला अडतो, मागे पोकळी राहते, आणि ती पोकळी बरोबर तिथेच असते जिथे माझी बायको कळशी ठेवणार.

मीही साताऱ्याचाच. म्हटलं, "काका, कोयनेच्या धरणात तर माणूस बसेल एवढाले दगड घातलेत काँक्रीटमध्ये. रबल काँक्रीट म्हणतात त्याला. मग माझ्या पाऊण इंचीनंच काय पाप केलं?"

मला वाटलं, निरुत्तर केलं. काका उलट खुलले. "घातलेत ना! एकशेतीन मीटर उंच आहे ते धरण. तुझं झाकण तेवढं जाड कर, तूही घाल. मी स्वतः येईन दगड बसवायला."

अर्धा इंची खडी आणायला आम्ही त्यांच्या स्कूटरवरून गेलो. खडी ब्रासवर विकतात, ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि आम्हाला हवी होती सोळा लिटर. तिसरा दुकानदार आमच्याकडे न बघताच एक पोतं भरून घ्या म्हणाला आणि पैसेही नको म्हणाला. काकांनी फुकट मिळालेली खडीसुद्धा तिथेच अर्धा तास निवडली. दुकानदाराचा माणूस थांबून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "सायेब, खडी निवडताय का तांदूळ?"

त्याला ठाऊक नव्हतं, पण तो अगदी खरं बोलला होता. संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो तर काकू गॅलरीत ताटात तांदूळ निवडत होत्या आणि शेजारी काका सुपात खडी. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला त्यांनी कानशीनं एक फट पाडली होती. खडा त्या फटीतून आडवा निसटला, की चपटा, डावीकडे. लांबट सुळका, तोही डावीकडे. घनासारखा, चारी बाजूंनी सारखा खडा उजवीकडे, आणि तो ठेवताना अंगठ्याची तीच जुनी लकब. चपटा खडा काँक्रीटमध्ये आडवा झोपतो, त्याच्या पोटाखाली पाणी साचतं, वर वजन आलं की तो मोडतो, आणि एरवीही फावड्याला मालच वळू देत नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात जो तिरस्कार होता, तो मी बँकेत फाटकी नोट सरकवताना पूर्वी एकदा ऐकला होता.

"यांना तांदूळ निवडायला सांगा, खडा राहतोच," काकू म्हणाल्या. "यांचा तो टाकून द्यायला जीवच होत नाही."

काकूंची खरी तक्रार बरण्यांची आहे. खिडकीच्या कट्ट्यावर लोणच्याच्या सात बरण्या ओळीनं, प्रत्येकीत वाळू आणि पाणी. वाळूत चिमूटभर मीठ घालून, पाणी ओतून, खळखळून हलवायची आणि तीन तास ठेवायची. वाळू खाली बसते, गाळ तिच्यावर वेगळा थर धरतो. तो थर वाळूच्या शेकडा आठपेक्षा जाड असेल तर वाळू आधी धुवायची. बरण्यांवर चिठ्ठ्या: कृष्णा, क्रश सँड, शेजारी, संशयित. "शेजारी" ही माझी होती. गाळ सव्वा बोट. बरणीत मावला तेवढाच माझा अपमान होता, पण रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा खिडकीत ठेवलेला.

आता बादलीचं. हे मी टाळणार होतो, कारण ते ऐकलं की माणूस लग्नाची ऑर्केस्ट्रापार्टी विसरेल पण हे विसरत नाही. काकांनी पंधरा लिटरची बादली एकाच मापाच्या खडीनं काठोकाठ भरली आणि विचारलं, "भरली?" मी म्हटलं भरली. त्यांनी मापट्यानं पाणी ओतायला सुरुवात केली. एक लिटर, दोन, चार. बादली पीतच राहिली. सहा लिटर पाणी आत गेल्यावर कुठे ते काठाला आलं. व्याख्यानमालांत एक मडक्याची गोष्ट सांगतात, मोठे दगड, मग खडे, मग वाळू, आणि शेवटी जगण्याविषयी काहीतरी. काकांच्या बादलीला तसलं काही तात्पर्य नव्हतं. तिच्यात फक्त सहा लिटर पाणी होतं.

"एवढी जागा रिकामी आहे," ते म्हणाले. "ती सिमेंटनं भरणार? पोत्याचा भाव माहितेय? दिवाळीत लाडवाचा डबा भरतो ना आपण, तसं करायचं. लाडवांच्या मधल्या फटींत चिवडा ओतायचा. खडीत बारीक खडी, तिच्यात वाळू, वाळूच्या फटींत सिमेंट. सगळे लाडू एकाच मापाचे घेतलेस तर चिवडा जास्त लागतो."

काकू आतून म्हणाल्या, "लाडवाच्या डब्यातही वाळू निघाली होती एकदा." त्या काळात कुठल्या डब्यात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नसे.

ओतायचा दिवस उजाडला तोवर पाऊस पडून गेला होता. गवंडी म्हणजे आमच्या ओळखीचे तुकाराममामा; त्यांच्या आयुष्यात त्यांनी खडी मोजली नाही, पण फावड्याच्या आवाजावरून माल कसा झालाय ते सांगतात. काकांचं माप म्हणजे ऑइलपेंटचा चार लिटरचा रिकामा डबा. एक डबा सिमेंट, दोन डबे वाळू, चार डबे खडी. झाकणाला बरोबर पुरतं असा हिशेब. वाळूचे दोन डबे मी भरले. मामांनी माल कोरडा कालवला, मधे खड्डा केला आणि पाण्याची बादली उचलली.

"तीन लिटर!" काका ओरडले. "त्याच्यावर थेंब नको."

"सायेब, माल पळाय नको का?"

"मालानं पळायचं नाही. बसायचंय त्यानं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे. कुणीच तोंडानं काही कबूल न करता पाणी साडेतीन लिटरवर मिटलं. माल फरम्यात गेला, मामांनी सळईनं ठोसे मारून दाबला, रंधा फिरवला, आणि एका कोपऱ्यात तीन वाट्या माल कमी पडला.

शांतता. काका वाळूच्या ढिगापाशी गेले, मूठभर उचलून दाबली, सोडली. लाडू वळला होता. "ओली वाळू मोजलीस?"

मी मोजली होती. ओलसर वाळू फुगते, कणाकणांत पाणी शिरून ते एकमेकांना धरून दूर ठेवतं. डब्यात दिसते भरलेली, असते पाचवा हिस्सा कमी. काकांनी तोच डबा पुन्हा वाळूनं भरला आणि मामांच्या डोळ्यांदेखत वरून पाणी ओतलं. वाळू फुगायची ती गपकन दोन बोटं खाली बसली. चाळीस वर्षं वाळू कालवलेले मामा वाकून त्या डब्यात बघत राहिले. मग म्हणाले, "आयला, म्हंजी पावसाळ्यात आमाला पैलंपास्नं कमी पडतंय ते ह्येच व्हय." त्या दिवसापासून मामा काकांना सायेब म्हणत नाहीत, मास्तर म्हणतात. काकांनी ही गोष्ट मला चार वेळा सांगितली आहे. मी तिथेच होतो.

झाकण झालं. दहा दिवस गोणपाट टाकून पाणी मारलं, रोज सकाळी काका गॅलरीतून "मारलं का?" विचारत. त्यावर हत्ती उभा राहील. उचलायला मात्र दोन माणसं लागतात, त्यामुळे टाकी साफ करायची राहिली आहे.

या सगळ्यात एक गोष्ट काकांना लागून राहिली होती आणि ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली. ते राहतात तो फ्लॅट त्यांनी बिल्डरकडून तयार घेतला, तेव्हा ते नोटांतच होते, खडी त्यांना दिसतसुद्धा नव्हती. "या छतात काय आहे कुणास ठाऊक," पंख्याकडे बघत ते म्हणाले. "तीस वर्षं झोपतोय याच्याखाली. ओळखदेख नाही."

नोव्हेंबरात एका दुपारी त्यांच्या बिल्डिंगच्या छज्ज्याचा तुकडा सुटला आणि खाली लावलेल्या सेक्रेटरींच्या स्कूटरवर धाडकन पडला. सीट फाटली, आरसा गेला. सगळे बाहेर धावले. सेक्रेटरी कुणाचा दोष ते ठरवत होते, कुणी मुलांना मागे ओढत होतं, कुणी फोटो काढत होतं. काका जिना उतरून आले ते हातोडी घेऊनच. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तो तुकडा पायरीवर ठेवून फोडला, आतून काहीतरी वेचून काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि उजेडात धरलं.

"दीड इंची!" त्यांचा आवाज चिरकला. "तीन इंची छज्ज्यात दीड इंची खडी! आणि ही बघा सळई, बाहेरून बोटभरसुद्धा आत नाही."

"अहो, कुणाला लागलं का?" काकू वरून विचारत होत्या.

"काळा पाषाण आहे!" काकांनी वर बघून ओरडून सांगितलं. "दगड चांगला आहे गं, पण चपटी बघ किती!"

तो खडा त्यांनी खिशात टाकला. मग मान वर करून, अजून लटकत असलेल्या उरलेल्या छज्ज्याकडे ते असे बघत उभे राहिले, की शेवटी दोघांनी त्यांचे दंड धरून त्यांना त्याच्याखालून बाजूला घेतलं.