चांदा फोर्टवरचा काँप्युटर

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. तळहातावर मावणाऱ्या ‘रास्पबेरी पाय ५’ या काँप्युटरचा अधिकृत चार्जर २७ वॅटचा. भागाकार केला तर आमचं एकटं केंद्र दहा कोटी ऐंशी लाख पाय चालवू शकतं. केंब्रिजची ही कंपनी २०२४ साली लंडनच्या शेअर बाजारात उतरली, तोपर्यंत तिने सहा कोटींहून अधिक बोर्ड विकले होते. सहाच कोटी धरले, आणि ते सगळे केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत आणून एकदम लावले, तरी तेराशे मेगावॅट शिल्लक राहते. हा सगळा हिशेब मी कागदावर केला, कारण त्या वेळी घरात वीज गेली होती.

हिशेब करायची पाळी आणली मास्तरांनी. मास्तर माझे जुने मित्र. भामरागडच्या बाजूला एका आश्रमशाळेत शिकवतात. पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडचा रस्ता पाण्याखाली जातो आणि वर्तमानपत्रांत ‘संपर्क तुटला’ अशी बातमी येते. मास्तरांच्या मते बातमीत चूक एवढीच, की तुटायला आधी संपर्क असावा लागतो. त्यांनी फोन केला तोही शाळेमागच्या टेकाडावर चढून. म्हणाले, “भाऊ, नेट काही आमच्याकडे येत नाही जी. तर एकदाच भरून आणून ठेवता येते का?”

प्रश्न ऐकायला वेडगळ, पण त्याचं उत्तर ‘हो’ आहे. किविक्स नावाची एक फुकट प्रणाली आहे. तिच्यासाठी आख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलीत बांधून मिळतो. ती फाइल पायवर ठेवली, पायला वायफायची पेटी जोडली, की पोरं टॅब्लेटवर पानं उघडून वाचतात. बाहेरचं नेट असो वा नसो. वर पाठ्यपुस्तकं, नकाशे, जमतील तेवढे व्हिडिओ. एवढं करून मी बोर्ड मास्तरांच्या हवाली केला तो वडशाला. दिवाळीनंतरचे दिवस, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, आणि मास्तर एका नाटकात इन्स्पेक्टर होते. रात्रभर त्यांनी खलनायकाला पकडलं, आणि सकाळी पाय खिशात घालून एसटीने गेले.

पुढचा फोन टेकाडावरूनच आला. “तीस पोरं एकदम उघडतेत, अन् थे गोल फिरतच राह्यते.”

दोष पोरांचा नव्हता. पाय मुळात चालतो तो मायक्रोएसडी कार्डावर, म्हणजे आपण कॅमेऱ्यात घालतो त्या नखाएवढ्या कार्डावर. एकच मोठी फाइल सलग वाचायची तर ते सेकंदाला ऐंशी-नव्वद एमबी देतं, तक्रारीला जागा नाही. पण तीस पोरांपैकी एक वाघ उघडतो, दुसरा विराट कोहली, तिसरी ज्वालामुखी. फाइलीच्या तीस कोपऱ्यांतून तीस तुकडे आणायचे म्हटलं की कार्डाचा जीव दोन-चार एमबीवर येतो. त्यात मधेच वीज गेली तर कार्डावरचं लिखाण अर्धवट राहून ते कायमचंच झोपण्याची शक्यता. म्हणून कार्डाऐवजी एनव्हीएमई जातीची एसएसडी, म्हणजे वेगवान साठवणीची पट्टी, लावायची ठरलं, आणि जाता जाता नेटवर्कची पोर्टंही वाढवायची. पायला लॅनचं पोर्ट एकच. मास्तरांना हवी होती दोन: एकात कधीमधी अवतरणारं बाहेरचं नेट, दुसऱ्यात शाळा, आणि मधे पाय पहारेकऱ्यासारखा बसलेला.

इथे आमच्या भाच्याचा प्रवेश होतो. भाचा पुण्यात असतो आणि कुठल्याही समस्येवर त्याच्याकडे त्या समस्येपेक्षा महाग उपाय असतो. “मामा, एक बोर्ड मिळतो. त्याच्यावर एनव्हीएमई पण बसते आणि अडीच गिगाबिटची दोन लॅन पोर्टं पण. पायच्या पीसीआय एक्स्प्रेसला लावायचा. एकदम रॉकेट!”

भाचा ‘रॉकेट’ म्हणाला की मी पाकीट सांभाळतो. पण हे पीसीआय एक्स्प्रेस प्रकरण समजून घेणं भाग होतं, आणि ते समजायला चंद्रपूरकर असण्याचा मोठा फायदा होतो.

चंद्रपूरला दोन स्टेशनं आहेत. हे चंद्रपूरकरांना आधीपासून ठाऊक असतं आणि पाहुण्यांना उतरल्यावर कळतं. एक चंद्रपूर, दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या लाइनीवरचं. तिथे राजधान्या धडधडत जातात. दुसरं चांदा फोर्ट, गोंदिया-बल्लारशाच्या लाइनीवरचं. ही लाईन वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशी जंगलातून येते आणि एकेरी आहे. समोरून मालगाडी येत असेल तर आपली गाडी एखाद्या छोट्या स्टेशनावर बाजूला उभी राहते. त्याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. त्या वेळात प्रवाशांच्या ओळखी होतात, सोयरिकी जमतात. २०२५च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या लाइनीच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. आता सोयरिकींचं काय होणार, ही काळजी वेगळी.

तर २०२३ साली आलेल्या पाय ५ची रचना हुबेहूब चंद्रपूरसारखी आहे. मुख्य प्रोसेसरपासून पीसीआय एक्स्प्रेसचा एक चौपदरी रस्ता निघतो, तो ‘आरपी१’ नावाच्या जोडचिपेकडे जातो. यूएसबी आणि मूळचं लॅन पोर्ट याच चिपेवर. ही मोठी लाईन. याखेरीज एक एकेरी लाईन कडेला काढून दिली आहे. तिच्या टोकाला सोळा पिनांचं बारीकसं कनेक्टर, त्यात कागदासारखी पातळ रिबन अडकवायची. हे चांदा फोर्ट. हौशी माणसं जे काही जोडतात, ते सगळं इथे येऊन उतरतं.

या एकेरी लाइनीची अधिकृत क्षमता सेकंदाला पाचशे एमबी, तीही कागदावर. एसएसडी लावली की प्रत्यक्षात चारशे-साडेचारशे मिळतात. भाच्याने सांगितलेला बोर्ड तिच्यावरच एसएसडी आणि अडीच गिगाबिटची दोन पोर्टं बसवतो. एक पोर्ट भरून वाहिलं तर तीनशे बारा एमबी, दोन मिळून सव्वासहाशे, वर एसएसडीचे साडेचारशे. रूळ पाचशेचा. हे जमवायला त्या बोर्डावर स्विच नावाची एक चिप असते. ती सिंदेवाहीच्या स्टेशन मास्तरसारखी एकाला थांबवते, दुसऱ्याला सोडते. काम चोख करते, पण स्टेशन मास्तर कितीही हुशार असला तरी त्याच्या हुशारीने दुसरा रूळ पडत नाही.

हे मी भाच्याला सांगितलं. तो डगमगला नाही. “मग जेन थ्री करा ना मामा! कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकायची.” हेही खरं आहे. एक ओळ लिहिली की त्याच लाइनीवरची वेगमर्यादा वाढते आणि एसएसडी आठशेच्या पुढे पळते. मात्र कंपनी स्वतःच सांगते की या वेगाचं प्रमाणपत्र बोर्डाला नाही. तुम्ही आणि तुमची रिबन काय ते पाहून घ्या. शिवाय एक साधी गोष्ट. पायचं मूळचं लॅन पोर्ट एक गिगाबिटचं, म्हणजे फार तर सव्वाशे एमबीचं. कोठारातून आठशे काढून सव्वाशेच्या दारातून पाठवायचे, आणि पलीकडे कोण? सातवी ब.

म्हणून निकाल असा लागला. चांदा फोर्टला एकटी एसएसडी उतरेल, साध्या वेगाने. दुसरं लॅन पोर्ट यूएसबी ३च्या अडाप्टरने मोठ्या लाइनीवर. पाय ५वरची यूएसबी ३ची दोन्ही पोर्टं एकाच वेळी पूर्ण वेगाने चालतात, त्यामुळे कुणी कुणाची वाट अडवत नाही. आणि शाळेत आणखी तारा लावायच्या असतील तर पाच पोर्टांचा साधा नेटवर्क स्विच, जो कुठल्याही केबलवाल्याच्या ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेला असतो. भाचा दुखावला. त्याच्या मते हे ‘एलिगंट’ नव्हतं.

एसएसडीची खरेदी हे स्वतंत्र नाटक. या पट्ट्या बावीस मिलिमीटर रुंद असतात आणि लांबी तीस, बेचाळीस, साठ, ऐंशी अशी. पायच्या कंपनीने मे २०२४मध्ये काढलेल्या अधिकृत जोडबोर्डावर तीस आणि बेचाळीसचीच बसते. दुकानदाराकडे फक्त ऐंशीची. तो म्हणाला, “लांब आहे तं जास्त मालच आहे ना साहेब त्याच्यात!” बेचाळीसची मागितल्यावर त्याने खालच्या कप्प्यातून एक काढली. तिला दोन खाचा. दोन खाचांची पट्टी बहुधा जुन्या साटा जातीची असते. ती खोबणीत ऐटीत बसते, आणि नंतर काहीही करत नाही. मी तसं म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, “बाप्पा! एवढ्याशा पट्टीवरच्या खाचा कोण मोजते?” शेवटी एका खाचेची बेचाळीस नागपूरहून मागवली.

आता राहिला उन्हाळा. पायच्या अधिकृत कूलरचा पंखा चिप पन्नास अंशांवर गेली की सुरू होतो. केंब्रिजमध्ये हा विचारपूर्वक ठरवलेला आकडा असेल. चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस असतं, आणि पत्र्याखालच्या खोलीत चिप काही काम न करताच पन्नास ओलांडते. पंखा एकदा लागला की बंद होणं पावसावर अवलंबून. ऐंशी अंशांवर चिप स्वतःच चाल मंद करते, पंच्याऐंशीला जवळजवळ बसकण मारते. जगातल्या इतर लोकांना यात बिघाड दिसत असेल. दुपारी एक ते चार आमच्या शहरातली सगळी शहाणी माणसं हेच करतात. बायकोने एवढंच विचारलं, “पंखा लागत नाही असं एक तरी यंत्र या घरात आणाल का?”

पायची पेटी पुन्हा मास्तरांकडे गेली. या वेळी टेकाडावरून आलेला फोन आनंदाचा होता. गोल फिरणं बंद झालं होतं. “पान टिचकी मारल्याबरोबर उघडते जी!” मी विचारलं, एका वेळी किती पोरं बसतात? मास्तर म्हणाले, “तीस.” टॅब्लेट किती? “सहा. एकाची काच गेली आहे, पण बोट जपून फिरवलं तर चालते.”

म्हणजे एका पडद्यावर पाच डोकी. एक पोरगी वाचते, दुसरा सरकवतो, उरलेले ‘थांब ना बे’ म्हणतात. तिथे पाचशे एमबीची लाईन असली काय आणि आठशेची असली काय, पान पुढे सरकणार ते पाचव्याचं वाचून झाल्यावर. हे भाच्याला कळवलं तेव्हा तो पहिल्यांदाच काही वेळ गप्प राहिला. मग त्याने आपल्या कपाटातले जुने टॅब्लेट कुरियरने पाठवले. सगळे चालू स्थितीत, आणि आश्चर्य म्हणजे त्यातल्या एकालाही नवा भाग जोडायला त्याने सांगितलं नाही.

तुमच्याही घरी खणात असा एखादा टॅब्लेट पडून असेल. जवळच्या शाळेत चौकशी करा, आपली खाती आणि फोटो पुसा, आणि देऊन टाका. फक्त चार्जरसकट द्या. चार्जर नसलेले टॅब्लेट मास्तरांकडे आधीच चिक्कार आहेत.