डोंगलधर

गोंदिया जिल्ह्यातील ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत, आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत कोठेही डोकावले तरी, सरपंच, ग्रामसेवक आणि शिपाई या तीन सर्वज्ञात पदांखेरीज एक चौथी शक्ती नांदताना आढळते, जिचा उल्लेख १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमात कोठेही नाही. शासनाच्या कागदांत या व्यक्तीस संगणक परिचालक म्हणतात. ती आधी ‘संग्राम’ योजनेत होती, २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त आली, आणि गावात तिला नुसते ‘ऑपरेटर’ म्हणून हाक मारतात. तिच्या अधिकाराचे मूळ मात्र नियुक्तिपत्रात नसून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असते, आणि तेथे ठेवलेल्या दोन वस्तूंमुळे तिला डोंगलधर हे नाव शोभते.

डोंगल म्हणजे दिसण्यात पेनड्राइव्हसारखे, पण आत एका माणसाची खासगी किल्ली, म्हणजे केवळ त्याच्यापुरती असलेली एक अतिप्रचंड संख्या, बंद करून ठेवणारे साधन होय. डिजिटल सही करताना संगणक संपूर्ण दस्तऐवजाचा एक ठरावीक लांबीचा गणिती गोषवारा काढतो, ज्यास हॅश म्हणतात, आणि तो या किल्लीने मुद्रांकित करतो. जोडीची सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्रात सर्वांसाठी खुली असल्याने ही सही कोणाची आणि तिच्यानंतर मजकुरात फेरफार झाला की नाही हे कोणासही तपासता येते. एक काना जरी वाढला तरी हॅश बदलतो. १७७३ साली आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला असे सांगतात. त्या पत्रावर राघोबादादांची अशी सही असती, तर गारद्यांना ती अवैध झाल्याचे तत्काळ कळले असते. अर्थात दादांचे डोंगल आनंदीबाईंच्या कारकुनाकडे राहत असते, तर त्याने ‘मा’ असलेल्या पत्रावर नव्याने सही उमटवून दिली असती, आणि ती तपासणीत निर्दोष ठरली असती. डोंगलधराचा विषय येथून सुरू होतो.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीतून खर्च करायचा तर ग्रामसेवक आणि सरपंच या दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. एकाने देयक तयार करावे, दुसऱ्याने ते पारखून मान्य करावे आणि दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी, असा या रचनेमागील हेतू आहे. प्रत्यक्षात ग्रामसेवक दोन-तीन गावांचा भार वाहत पंचायत समितीच्या बैठकीत असतात, सरपंचबाई रोवणीच्या चिखलात असतात, आणि दोघांची डोंगले असलेल्या ड्रॉवरचा डावा कप्पा उजव्या कप्प्यावर नजर ठेवतो. बांधावरून फोन येतो, “भाऊ, टाकून देजो सही”, आणि डोंगलधर ती टाकतो. पिन त्याला पाठ असतो, कारण तो विक्रेत्याने दिलेल्या एकपासून आठपर्यंतच्या ओळीने आलेल्या आकड्यांवरून पुढे कधी सरकलेलाच नसतो; तरीही विसरू नये म्हणून डोंगलला चिकटवलेल्या पट्टीवर तो लिहून ठेवलेला असतो. महिला आरक्षणानंतर सरपंचपती नावाचा जो अनधिकृत पदाधिकारी उदयास आला, त्याचीही सत्ता या ड्रॉवरपाशी संपते, हा डोंगलधराच्या हातून नकळत घडलेला न्याय म्हणावा लागेल.

डोंगलधराचे स्वतःचे असे एक सहीशास्त्र आहे. सहीचा मोबाइलवर काढलेला फोटो पीडीएफमध्ये चिकटवून व्हॉट्सॲप गटावर फिरवणे याला तो ‘डिजिटल’ म्हणतो, जरी अशा चित्रात गणिती तपासणी कसलीही नसते आणि वाद झाल्यास ती सही कोणी, केव्हा व कोणाच्या संमतीने लावली हे इतर पुराव्याने सिद्ध करावे लागते. आधारवरील ई-साइन, ज्यात ओटीपी दिल्यावर एकदाच वापरायची किल्ली तयार होऊन लगेच नष्ट केली जाते, त्याला तो ‘ओटीपीवाली’ म्हणतो. सालेकसा आणि देवरीच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क शोधत टेकाड चढेपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपते, म्हणून हा प्रकार त्याला मनापासून नापसंत आहे. खरी सही म्हणजे डोंगलची, हा त्याचा निर्णय, आणि कायदाही त्या सहीच्या बाजूने आहे, जरी तो ‘ओटीपीवाली’लाही तितकीच मान्यता देतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि त्याच्या पाचव्या कलमाने विहित पद्धतीच्या इलेक्ट्रॉनिक सहीस हाताच्या सहीइतकीच मान्यता दिली. सही ‘सुरक्षित’ ठरली, तर ती ज्याची आहे त्याने मजकूर मान्य करण्याच्या हेतूनेच केली असे न्यायालय गृहीत धरते, आणि ती आपली नव्हे हे दाखवण्याचा भार सहीच्या मालकावर येतो. ‘सुरक्षित’ ठरण्याची अट पंधराव्या कलमात आहे: सही करतेवेळी किल्ली केवळ त्या व्यक्तीच्याच ताब्यात असली पाहिजे. म्हणजे या साऱ्या गणिताची इमारत ज्या एका अटीवर उभी आहे, तिचे चालतेबोलते खंडन रोज सकाळी साडेदहाला कार्यालय उघडून पंखा लावते.

त्याच्या श्रद्धेला तडा जातो तो दुसऱ्याच टेबलावर. तलाठ्याच्या डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपये भरून निघतो, त्यावर सही-शिक्क्याची आवश्यकता नसल्याचे छापलेले असते, आणि तो घेऊन धान खरेदीची नोंदणी करायला गेलेल्या शेतकऱ्याला एखादा कर्मचारी गोल शिक्का मारून आणायला सांगतो. कागदावर छापताच सहीचे गणित फायलीतच मागे राहते, म्हणून पडताळणीसाठी क्यूआर कोड दिलेला असतो. तो स्कॅन करायला कोणी मोबाइल खिशातून काढत नाही. डोंगलधर अशा वेळी वाद घालत नाही, शिक्का मारून देतो, कारण तोही त्याच ड्रॉवरमध्ये असतो.

त्याला लबाड समजणे अन्यायाचे होईल. तुटपुंज्या आणि तेही उशिरा येणाऱ्या मानधनावर तो मार्चअखेरीस रात्री सर्व्हर सुरू होण्याची वाट पाहत बसतो, आणि तो आजारी पडला तर गावचे दाखले थांबतात. दुसऱ्याची सही अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे; पण हा तर फोनवरून सांगितल्याप्रमाणे, मालकाच्या संमतीने सही करतो, म्हणून ते कलम त्याला सहसा गाठत नाही. किल्ली सांभाळण्याचे कर्तव्य ४२व्या कलमाने प्रमाणपत्रधारकावरच टाकले आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास विनाविलंब प्रमाणन संस्थेला कळवायचे आहे. चौकशी लागली की नोटीस त्यामुळे सरपंचबाईंच्या नावाने निघते, आणि ती वाचून दाखवायला त्या डोंगलधराकडेच येतात. उत्तरही तोच टाइप करतो, सही तोच टाकतो.

त्याच्या हाताबाहेरचा एक दस्तऐवज अजून शिल्लक आहे. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीने मृत्युपत्र इलेक्ट्रॉनिक सहीच्या कक्षेतून वगळले असल्याने ते कागदावरच करावे लागते, आणि सर्वसाधारणपणे त्यावर माणसाला स्वतःची सही किंवा अंगठा करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या लागतात.