तत्रैव

किल्लारीच्या भूकंपावरचा एक शोधनिबंध परवा तपासायला आला. पोरगा लातूर जिल्ह्यातलाच. पहिल्या पानावर पहिली तळटीप: ‘तत्रैव, पृ. ४७’. म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’. वर मात्र शीर्षक सोडून काहीच नव्हतं.

“हे तत्रैव कोण रे?”

“मोठे लेखक दिसतात सर. सगळ्याच प्रबंधांत त्यांचं नाव असतंय.”

त्याला तरी काय बोलणार? ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. वाचायला मिळतात म्हणजे उचलायलाही मिळतात. उचलताना तळटिपा मुळासकट येतात, एवढंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तेव्हापासून पोरं डेअरीवर फॅट सांगावी तशी टक्केवारी सांगतात: “नऊ लागलं सर!”

ग्रंथालयात जा म्हटलं, तर तिथं संदर्भग्रंथांच्या कपाटाला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडं आणि मामा निवडणुकीच्या कामावर. काचेतून पुस्तकांच्या पाठी तेवढ्या वाचून घ्यायच्या. संदर्भसूचीला तेवढं पुरतं म्हणा.

“बरं, ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट घरात कुणी पाहिलीय का?”

“आजीनं. आख्खी रात्र सांगती, सर. ढिगाऱ्यातून माणसं काढलेली, सगळं.”

“मग ते कुठं आहे यात?”

पोरगा खरोखर अडचणीत आला. “घेतलं असतं सर. पण आजीचा पृष्ठ क्रमांक काय टाकू?”