जागचं न हलणारं दुकान

आमच्या नाक्यावरच्या दुकानाच्या इंग्रजी पाटीवर ‘स्टेशनरी’ आहे. पण पेंटरने ‘ई’च्या जागी ‘ए’ रंगवल्यामुळे अर्थ झालाय ‘जागचं न हलणारं’. वह्या-पेनांचा संबंधच संपला. गिऱ्हाईक आलं तरी मालक खुर्चीतून उठत नाहीत, म्हणून मी पाटीची चूक काढत नाही.

शाळेत बाईंनी युक्ती दिली होती: एन्व्हलपचा ‘ई’ तोच कागदाचा ‘ई’. गंमत म्हणजे ‘ई’वाला आणि ‘ए’वाला हे दोन्ही ‘स्टेशनरी’ शब्द मूळचे एकाच घरातले. मध्ययुगीन युरोपात फिरस्ते विक्रेते पुष्कळ. विद्यापीठाजवळ एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो लॅटिनमधला ‘स्टेशनारियस’. म्हणजे दुकान हललं नाही म्हणूनच मालाला हे नाव मिळालं! पुढे एका अक्षराची भिंत घालून भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि मार्क मात्र आमच्या पोरांचे कापले जाऊ लागले.

देवनागरीत हा तंटाच नाही, असं अभिमानाने म्हणणार होतो. तेवढ्यात एका शाळेच्या फाटकावर फलक दिसला: ‘शिक्षक दीनाच्या हार्दिक शुभेच्छा’. तिथल्या कंत्राटी मास्तरांचा पगार तीन महिने थकलाय म्हणे. तेव्हा हीही पाटी बरोबरच असावी.